हवा सोडण्यात येईल

मराठी समीक्षकांनी आजवर काही म्हणून सोडलेलं नाही. संतवाङ्मय झालं, पंतवाङ्मय झालं, बखरी झाल्या, लावण्या झाल्या, ग्रामीण झालं, महानगरी झालं. उखाण्यांवर आणि ट्रकच्या पाठीवरच्या मजकुरावरही कुणी ना कुणी लिहून ठेवलंच असेल. पण एक साहित्यप्रकार असा आहे की नगर शहरात त्याच्याइतके वाचक दुसऱ्या कशालाही नाहीत. त्याला रोज नवे वाचक मिळतात, आणि तो वाचून एकाही वाचकाच्या वागण्यात तिळभर फरक पडत नाही. म्हणजे थोर साहित्याची सगळी लक्षणं हजर. तरीही समीक्षेने त्याची दखल घेतलेली नाही. मी 'नो पार्किंग'च्या पाट्यांबद्दल बोलतो आहे.

या वाङ्मयात ढोबळमानाने चार संप्रदाय दिसतात.

पहिला सरकारी. हा अल्पाक्षरी. निळा गोल पत्रा, त्याला तांबडी कड, मध्ये 'पी' आणि त्याच्यावर एक तिरपी रेघ. एवढ्यात सगळं आलं. अर्थ कळायला वाचता यावं लागत नाही आणि वाचता येणारे तो कळून घेत नाहीत. उन्हाळ्यात या पत्र्याची जी वीतभर सावली पडते, तिच्यात स्कूटर लावण्यासाठी सकाळी दहाच्या आत यावं लागतं.

दुसरा संप्रदाय विनवणीचा. 'कृपया गेटसमोर वाहन लावू नये.' या पाट्या निवृत्त शिक्षकांच्या दारावर असतात. अक्षर वळणदार, शुद्धलेखन निर्दोष. पहिल्या पावसाळ्यात यातला 'कृपया' पुसट होतो. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मालक स्वतःच तो खडूने खोडतात आणि 'नये'खाली दोन रेघा मारतात. माणसाचा माणसावरचा विश्वास कसा उडत जातो, हे ज्याला अभ्यासायचं असेल त्याने सावेडीतल्या कुठल्याही सोसायटीच्या गेटपाशी ओळीने तीन वर्षं उभं राहावं.

तिसरा संप्रदाय भीतिवादी. 'येथे वाहन लावल्यास हवा सोडण्यात येईल.' मला हे वाक्य अतिशय आवडतं. यात कर्ता नाही. हवा कोण सोडणार, केव्हा सोडणार, चाकं एक की दोन, सगळं अध्याहृत. कचेरीच्या परिपत्रकातलं 'योग्य ती कारवाई करण्यात येईल' याचंच हे धाकटं भावंड, आणि दोघांचं भवितव्यही एकच. पण आशयाकडे नीट पाहिलं तर या धमकीत एक गोची आहे. जी गाडी पाच मिनिटांत आपल्या दारातून जावी असं आपल्याला वाटतं, तिची हवा सोडली की ती संध्याकाळपर्यंत तिथेच. म्हणजे शिक्षा कोणाला झाली?

चौथा संप्रदाय मालकीवादी. 'पार्किंग फक्त आमच्या ग्राहकांसाठी.' रस्ता सार्वजनिक, पाटी खाजगी. पाटीच्या आजूबाजूला दोन दगड, एक पाय मोडलेली खुर्ची आणि सिमेंट भरलेला तेलाचा डबा अशी परिशिष्टं असतात. गंमत म्हणजे त्या जागेत ग्राहकाची गाडी क्वचितच दिसते. सकाळी दुकान उघडल्यापासून रात्री कुलूप लागेपर्यंत तिथे दोन गाड्या असतात, एक मालकाची आणि एक मालकाच्या मेव्हण्याची. ग्राहक बिचारा पुढच्या चौकात डबल लायनीत गाडी लावून, मागून येणाऱ्या प्रत्येक हॉर्नला 'आपल्यालाच तर नाही ना' म्हणून दचकत, साडीचा पदर निवडत असतो.

शिवाय सम-विषमचा एक काव्यप्रकार आहे. पी-वन, पी-टू. विषम तारखेला रस्त्याच्या या बाजूला, सम तारखेला त्या बाजूला. कल्पना सुंदर आहे, पण जिला पंचांग लागतं अशी वाहतूक व्यवस्था टिकत नाही. त्यातून एकतीस तारखेनंतर एक तारीख येते. दोन्ही विषम. म्हणजे वर्षातून सात वेळा गाड्यांना एकाच बाजूला दोन रात्री मुक्काम करायची सोय पंचांगानेच करून ठेवली आहे.

आता या सगळ्या वाङ्मयाचा मुख्य दोष. या शेकडो पाट्यांत 'कुठे लावू नये' हे आहे. 'कुठे लावावी' हे सांगणारी पाटी दुर्बीण घेऊन शोधावी लागते. नकाराचं एवढं विपुल साहित्य जगात दुसरीकडे फक्त कर्जाच्या अर्जांवरच्या शेऱ्यांमध्ये सापडतं. आणि दुसरा दोष त्याहून मोठा आहे. या साहित्यात नायकच नाही. पाटी लिहिणारा गाडीवाला, वाचणारा गाडीवाला, दोघांचं भांडण गाडीचं. रस्त्यावरून जो पायी चालतो त्याचा उल्लेख एका पाटीत असेल तर शपथ.

हे शहर खरं तर पायी चालणाऱ्याचंच. अहमद निजामशहाने १४९० साली भिंगारजवळ लढाई जिंकली आणि त्या जागी हे गाव वसवलं. पुढे लोक त्याची तुलना कैरो-बगदादशी करू लागले. तुलना करणाऱ्यांनी कैरोत गाडी लावून पाहिली नव्हती, म्हणून ती टिकली. गल्ल्यांची रुंदी ठरली ती माणसाच्या, घोड्याच्या आणि बैलगाडीच्या मापाने. तेलीखुंट, पारशाखुंट ही नावं घ्या. खुंटाचे विद्वान काय अर्थ लावायचे ते लावोत. मला त्यात जनावर कुठे बांधायचं हे ठाऊक असलेलं शहर दिसतं. कापडबाजाराला लागून घासगल्ली आहे. म्हणजे नावावरून पाहिलं तर बांधण्याची सोय आणि चाऱ्याची सोय दोन्ही हाताशी. आज पेट्रोलपंप हाताशी आहेत, खुंट मात्र हरवला.

जनरल वेलस्लीने १८०३ च्या ऑगस्टमध्ये ८ तारखेला आधी पेठ घेतली आणि १२ तारखेला किल्ला. चार दिवसांत काम फत्ते. आज तोच वेलस्ली आला तर त्याचे चार दिवस माणिक चौकात तोफा लावायला जागा शोधण्यात जातील आणि पाचव्या दिवशी तोफेला जॅमर बसेल. चांदबीबीने १५९५-९६ मध्ये मोगलांचं सैन्य किल्ल्याबाहेर थोपवून धरलं. तिचं शौर्य इतिहासाने नोंदवलंच आहे. पण आम्हां तिच्या गावकऱ्यांना माळीवाडा वेशीतून आडवी घुसणारी एक चारचाकी थोपवता येत नाही, ही नोंद कोणी करायची? जुन्या वेशींपैकी माळीवाडा वेस आणि दिल्ली दरवाजा अजून उभे आहेत. ज्या दगडांनी तोफा पाहिल्या त्यांच्या अंगाला आता मडगार्ड घासतात.

हे सगळं मी हसत लिहितो आहे, पण आमच्या आईला यात हसू येत नाही. ती पूर्वी दर चतुर्थीला तोफखान्यातून माळीवाड्याच्या विशाल गणपतीला पायी जायची. वाटेत दोन मैत्रिणी, एक भाजीवाली आणि घरी परतताना फुटाणे, असा तिचा ठरलेला कार्यक्रम. आता ती रिक्षाने जाते. पाय दुखतात म्हणून नव्हे, पाय अजून खणखणीत आहेत. फुटपाथवर मोटारसायकली, फुटपाथच्या कडेला मोटारी, मोटारींच्या कडेला हातगाड्या, म्हणजे चालणाऱ्याने थेट वाहत्या रस्त्याच्या मधोमध चालायचं. पंचाहत्तरीच्या बाईने एसटीशी बरोबरी करायची. तिने एकदा सांगून टाकलं, "मी नाही बाबा आता चालत जायची." उभ्या असलेल्या गाड्यांनी चालणाऱ्या एका बाईला रस्त्यावरून उठवलं आणि रस्त्यावर आणखी एक रिक्षा वाढवली. नातू शाळेत पायी जाऊ शकत नाही म्हणून सुनेने स्कूटी घेतली, ती आणखी एक. गाडी लावायला जागा कमी पडते ती अशी. गाड्या गाड्यांना जन्म देतात.

आता थोडा हिशेब. कॉमर्सवाल्याला हिशेबाशिवाय लेख पुरा झाल्यासारखा वाटत नाही, हा आमच्या जमातीचा दोष आहे. एक मोटार उभी करायला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात. साडेबारा चौरस मीटर. म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. जुन्या नगरातली कित्येक दुकानं यापेक्षा लहान आहेत. आता समजा, कापडबाजारात एखादा गृहस्थ म्हणाला, की मला १३५ चौरस फूट जागा द्या, भाडं देणार नाही, पावती नको, मी सकाळी येईन आणि रात्री जाईन, तर बाजार त्याला हाकलून देईल. तोच गृहस्थ चार चाकांवर बसून आला की कोणी काही बोलत नाही. केळी विकणाऱ्याची चार फुटांची हातगाडी अतिक्रमण ठरते. तिच्यावर निदान दिवसभर शंभर गिऱ्हाईकं होतात. आणि जिचा मालक आत थंड हवेत बसला आहे ती चौदा फुटांची मोटार म्हणजे वाहतूक!

आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर बाजारातली गाडी लावायची जागा हे चालू खातं आहे. पैसा आला, पैसा गेला, दिवसातून वीस उलाढाली झाल्या पाहिजेत. लोकांनी तिथे मुदत ठेव ठेवली आहे. सकाळी दहाला ठेवायची, रात्री नऊला मोडायची. मुदत ठेवीवर आम्ही व्याज देतो. इथे ठेवीदार व्याज घेतोच, वर जागाही वापरतो.

या दुखण्यावर पहिला इलाज निघाला तो अमेरिकेत, ओक्लाहोमा सिटीत. १९३५ च्या जुलैमध्ये तिथे जगातलं पहिलं पार्किंग मीटर बसलं. तासाला पाच सेंट. कारण काय, तर बाजारातल्या कचेऱ्यांचे नोकर सकाळी येऊन दुकानांपुढच्या सगळ्या जागा अडवायचे आणि खरेदीला आलेल्यांना जागा मिळायची नाही. म्हणजे मीटर बसलं ते गिऱ्हाईक हाकलण्यासाठी नव्हे, गिऱ्हाइकाला जागा करून देण्यासाठी. ओक्लाहोमा राहू द्या. आपल्याकडे शाळकरी पोरं तासाच्या भावाने भाड्याची सायकल आणायची. पंधरा मिनिटं जास्त झाली तर दुकानदार घड्याळ दाखवायचा आणि आपण खिसा चाचपायचो. तासाचा भाव आपल्याला नवीन नाही. सायकल गेली आणि भावही विसरलो.

पण आपल्याकडे पैशाचा विषय निघाला की दुकानदारांच्या चेहऱ्यावर दुष्काळ पसरतो. "गिऱ्हाईक सावेडीला जाईल हो!" असं ते म्हणतात. ही भीती खोटी नाही. धंदा करणाऱ्याच्या भीतीची चेष्टा पगारी माणसाने करू नये, एक तारखेला ज्याच्या खात्यात रक्कम जमा होते त्याने तर मुळीच नाही. पाथर्डीहून, पारनेरहून लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं कुटुंब आधीच उन्हात वैतागलेलं असतं. त्याला पावतीपुस्तक दाखवलं तर ते परत येणार नाही, हे खरं आहे. पण त्याला आज काय दाखवतो आपण? तीन फेऱ्या, दोन शिव्या आणि शेवटी टोइंगची गाडी. पावती जास्त महाग की ही करमणूक, याचा विचार व्हावा. माझ्यापुरतं सांगायचं तर पहिला अर्धा तास मोटारसायकलला फुकट असावा. ती गरिबाची बैलगाडी आहे. मोटारीला मात्र तासागणिक चढता दर असावा, म्हणजे मेव्हण्याची गाडी आपोआप घरी राहील.

दुसरा लाडका इलाज म्हणजे बहुमजली पार्किंग. हा कोनशिलेच्या दृष्टीने उत्तम. पण त्यातही हिशेब आहे. रॅम्प, वळणं, वाटा धरून एका मोटारीला तिथे तीस चौरस मीटरच्या आसपास जागा लागते. त्यात एक खोली-स्वयंपाकघर बसतं. माणसांना परवडणारी घरं बांधायला जागा नाही आणि मोटारींना बिऱ्हाडं द्यायची. शिवाय वर फुकट आणि अंगणात फुकट असेल तर वर कोण चढणार? रस्त्यावर दर लावल्याशिवाय इमारत भरत नाही, आणि रस्त्यावर दर लावायची हिंमत असेल तर इमारतीची निम्मी गरज उरत नाही.

हिंमतीवरून पुणं आठवलं. पुण्याच्या महापालिकेने २०१८ साली पार्किंगचं रीतसर धोरण मंजूर केलं. लगेच ओरड झाली. मग ते पाच रस्त्यांपुरतं प्रयोग म्हणून करायचं ठरलं, आणि प्रयोगही पुढे वर्षानुवर्षं कागदावर राहिला. पुणेकरांना हॉटेलात फुकट पाणी मिळालं नाही तर चालतं, पण रस्ता फुकट पाहिजे. जपानात १९६२ पासून कायदाच आहे, की गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला आणा, मग गाडी घ्या. २०२५ साली आपल्या परिवहनमंत्र्यांनीही तसं बोलून दाखवलं. आपल्याकडे दाखल्याची जागा मिळेल, याची मला खात्री आहे. गाडीच्या जागेबद्दल बोलत नाही.

पण परदेशी जायचं कारण काय? नगर शहरातून निघालं की त्याच तालुक्यात हिवरे बाजार आहे. तिथल्या लोकांनी काय केलं? पोपटराव पवार सरपंच असताना गावाने ठरवलं, की जमिनीखालचं पाणी कुणा एकाचं नाही. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही. उसासारखी तहानलेली पिकं घ्यायची नाहीत. दरवर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि मग कोणतं पीक घ्यायचं ते ठरवायचं. पाणी फुकट होतं तेव्हा गावात टँकर यायचा. पाणी मोजायला लागले आणि गाव सुधारलं. देशभरातून माणसं ते पाहायला येतात, बसगाड्या भरभरून येतात. आणि हे पाहून परतणारा नगरकर घरी येतो आणि गाडी फुटपाथवर चढवतो.

रस्ता म्हणजे शहराचं भूजलच आहे. सगळ्यांचं, म्हणून कुणाचंच नाही. ज्याचं बोअर खोल त्याचं पाणी, तसं ज्याचं बोनेट लांब त्याचा रस्ता. एकदा कुणीतरी चौकाचौकांत खडू घेऊन बसावं आणि रस्त्याचा ताळेबंद मांडावा. एवढे फूट चालणाऱ्याला, एवढे शहर बसला आणि शेअर रिक्षाला, एवढे सायकलला, एवढे फेरीवाल्याला. मग शिल्लक राहील ती मोटारीला, पैसे मोजून. आज आपण उलट करतो. आधी मोटार उभी करतो आणि उरलेल्या फटीतून आईला म्हणतो, जा गणपतीला.

डोनाल्ड शुप नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने फुकट पार्किंगच्या किमतीवर २००५ साली सातशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहिला. गाडी उभी करण्याच्या विषयाला सातशे पानं म्हणजे माणूस जागा शोधत फार फिरला असला पाहिजे. त्याचं एक म्हणणं मला फार पटलं. ज्या रस्त्यावर पैसे गोळा करायचे, त्याच रस्त्यावर ते खर्च करायचे. कॅलिफोर्नियातल्या पासाडेना गावाच्या जुन्या पेठेत १९९३ साली मीटर बसवले आणि मिळकत त्याच पेठेच्या फुटपाथांना, दिव्यांना, झाडांना लावली. अवकळा आलेली पेठ पुन्हा गजबजली. दुकानदार आधी नाखूश होते. पैसा आपल्याच दारात पडतो म्हटल्यावर राजी झाले. हे मानसशास्त्र अमेरिकन आहे असं मला वाटत नाही. गंजबाजारातही ते चालेल. पावतीच्या मागे एवढंच छापा, की हे दहा रुपये याच गल्लीच्या फुटपाथला लागतील. आणि लागू द्या म्हणजे झालं. न लागले तर पुढच्या वर्षी पावतीपुस्तकाचीच हवा सोडण्यात येईल, आणि तेव्हा कर्ता अध्याहृत नसेल.

तेव्हा समीक्षक म्हणून या वाङ्मयाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी माझी सूचना एवढीच. २०२४ साली शहराचं नाव अहिल्यानगर झालं आणि गावभर पाट्या नव्याने रंगवायच्या ठरल्या. रंगारी आलेलाच आहे, डबा उघडाच आहे. ज्यांचं नाव घेतलं त्या अहिल्यादेवी आपल्याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. त्यांनी देशभर घाट बांधले, बारवा बांधल्या, धर्मशाळा बांधल्या. यातलं सगळं पायी चालणाऱ्यासाठी. चालून चालून दमलेल्याने टेकावं, पाणी प्यावं आणि पुढे निघावं. मुक्काम ठोकणाऱ्यासाठी नव्हे. त्यांच्या नावाच्या गावात एखादी पाटी अशी लिहा : 'येथे माणसे चालतात. वाहन पलीकडच्या मैदानात लावावे. तासाला दहा रुपये.' कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद आहे, पत्ता आहे आणि किंमतही आहे. मराठी गद्यात याहून जास्त काय पाहिजे?

फक्त ही पाटी लावताना एक काळजी घ्यावी. ती फुटपाथच्या मधोमध रोवू नये.